सुट्टीतलं चेन रिॲक्शन मशीनचं शिबिर (नाशिक, पाचवी ते आठवी) : कसं होतं, फी वसूल झाली का

मे महिन्यात लेकीला "ते मशीनचं" शिबिर लावलं होतं ते कसं होतं हे सोसायटीच्या ग्रुपवर इतक्या जणींनी विचारलंय की म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकावं. घाई असेल तर एवढंच वाचा: मुलांना नक्की पाठवा, पण बॅच लहान असेल तरच, आणि फी भरायच्या आधी शेवटी लिहिलेले प्रश्न विचारून घ्या. शिबिराचं नाव इथे लिहीत नाही कारण थोड्या तक्रारीपण आहेत आणि शिकवणारी माणसं मनापासून शिकवतात, कोणाला हवं असेल तर मला वेगळा मेसेज करा.

आता हे शिबिर म्हणजे नक्की काय, तर साधी यंत्रं शिकवायची, पण फळ्यावर नाही. मुलांनी गटागटाने एक लांबलचक मशीन बनवायचं ज्यात एक गोटी सोडली की ती घरंगळत जाऊन ठोकळा पाडते, ठोकळा दोरी सोडतो, दोरी कप्पीवरून वजन खाली आणते, ते वजन दुसरीकडे काहीतरी उचलतं, असं करत करत शेवटी एखादं अगदी साधं काम होतं, म्हणजे घंटा वाजणे, तुळशीला पाणी पडणे, दिव्याचं बटण दाबलं जाणे वगैरे. या प्रकाराला जगभर रूब गोल्डबर्ग मशीन म्हणतात. हा गोल्डबर्ग अमेरिकेतला व्यंगचित्रकार, जन्म १८८३ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा, आणि शिकलेला चक्क इंजिनिअर, १९०४ मध्ये बर्कलीहून डिग्री घेऊन काही महिने शहराच्या पाणी आणि ड्रेनेज खात्यात नोकरी केली आणि मग ती सोडून पेपरात चित्रं काढायला लागला. साध्या कामासाठी भलतंच गुंतागुंतीचं यंत्र, अशी त्याची चित्रं इतकी गाजली की पुढे पर्ड्यू विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी १९४९ मध्ये खरीखुरी तशी मशीनं बनवायची स्पर्धाच सुरू केली. ती मधे बंद पडली, १९८३ मध्ये परत सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. हे सगळं शिबिरात पहिल्या दिवशी मुलांना सांगितलं, चित्रं दाखवली, आणि एक गोष्ट सरांनी छान सांगितली की गोल्डबर्गला कागदावर काढायचं होतं म्हणून त्याचं प्रत्येक यंत्र चालायचं, तुमचं खरं चालायला पाहिजे.

सर म्हणजे आयटीआयमधून रिटायर झालेले एक शिक्षक, आणि त्यांच्या जोडीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक ताई. जोडी फार चांगली जमलेली. सरांना हत्यारं आणि माल यातलं सगळं माहीत, ताईला मुलांच्या भाषेत प्रश्न विचारता येतात.

माझी लेक सहावीत गेली यंदा. सहावीच्या सामान्य विज्ञानात "साधी यंत्रे" म्हणून धडाच आहे, तरफ, कप्पी, उतरण, पाचर, चाक आणि आस वगैरे. मोठ्या भावाच्या वेळी मी हा धडा घेतलेला त्यामुळे माहितीये काय होतं, तरफेचा टेकू (ती जिथे टेकून फिरते ती जागा) मध्ये असेल तर पहिला प्रकार, भार मध्ये असेल तर दुसरा, बल मध्ये असेल तर तिसरा, हे पाठ होतं, अडकित्ता दुसरा, चिमटा तिसरा, कात्री पहिला, जोड्या लावा मध्ये मार्क मिळतात, आणि मग विचारलं की बाबा अडकित्त्यात सुपारी बिजागरीच्या जवळ का ठेवतात, टोकाशी का नाही ठेवत, तर मुलं तोंडाकडे बघतात. या शिबिराचं मला आवडलेलं मुख्य कारण हेच आहे की इथे तो "का" टाळताच येत नाही. मशीन अडलं की अडलं, पाठांतर करून ते पुढे जात नाही.

नियम एकच होता आणि तो अगदी कडक. सुरुवातीला एक बोट लावायचं, त्यानंतर मशीन संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, लावला तर परत पहिल्यापासून. सुरुवातीला मला हे जरा जास्तच वाटलं, मुलं रडकुंडीला येत होती. पण दोन-तीन दिवसांत लक्षात आलं की सगळं शिक्षण या एका नियमात आहे. हात लावायची परवानगी असती तर अडलेली गोटी ढकलून पोरं पुढे गेली असती आणि ती का अडली हे कोणी बघितलंच नसतं.

एका गटाचं सविस्तर सांगते म्हणजे कल्पना येईल. यांनी ठरवलं की मशीनने शेवटी लिंबू पिळायचं, खाली ग्लासात साखरपाणी तयार, रस पडला की सरबत. आता पोरांची पहिली आयडिया काय, तर गोटी जोरात येऊन फळीवर आदळेल आणि फळी लिंबू पिळेल. गोटी आदळली, लिंबू होतं तसंच. मग मोठी गोटी, मग गॅरेजमधून आणलेले बेअरिंगचे छर्रे, मग उतार जास्त खडा केला तर गोटी सांध्यावर उडून बाहेरच जायला लागली. ताई काही बोलली नाही बराच वेळ. मग तिने एवढंच विचारलं, "लिंबू तू हाताने पिळतोस तेव्हा किती जोर लावतोस रे? तेवढा जोर या गोटीत आहे का?" आणि त्यांच्या हातात वजनकाटा दिला, तो बाथरूममध्ये वजन करायला ठेवतात तसला, त्यावर अर्धं लिंबू ठेवून दाबून बघा म्हणाली. काट्यावर आलेला आकडा आणि हातातली गोटी यांचा मेळच बसेना तेव्हा त्यांना पटलं की हे काम गोटीचं नाही.

मग तरफ आली. दोन फुटांची फळी, एका टोकाला दरवाज्याची जुनी बिजागरी, बिजागरीपासून तीन इंचांवर अर्धं लिंबू, दुसऱ्या टोकाला दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली टांगलेली. चोवीस भागिले तीन, म्हणजे आठ पट. दोन किलोच्या बाटलीने लिंबावर सोळा किलोच्या वजनाएवढा दाब पडतो. धड्यातला दुसरा प्रकार, भार मध्ये, तोच अडकित्ता, तेच लिंबू पिळायचं यंत्र. पण गंमत पुढे आहे. ही फळी अगोदर वर धरून ठेवायला एक काठी टेकण म्हणून लावली होती, ती काठी गोटीने पाडायची, की फळी खाली येणार. काठी त्यांनी लावली लिंबाच्या बाजूलाच कारण तिथे जागा होती, आणि ती काठी हलेचना! गोटी सोडाच, छर्ऱ्यानेपण हलेना. अर्धा दिवस गेला यात. शेवटी त्यांच्यातल्याच एका पाचवीतल्या मुलीने काठी सरकवून पार टोकाला, बाटलीच्या जवळ लावून बघितली आणि ती एका टिचकीत पडली. का? तर बिजागरीपासून तीन इंचांवर काठी लावली की तिच्यावर सोळा किलो बसतात, टोकाला लावली की फक्त दोनच. तोच गुणाकार, उलट्या बाजूने. त्या मुलीने ते सरांना स्वतःच्या शब्दात सांगितलं, सर म्हणाले, "आता वहीत लिही, कुठे किती." तिने इंच आणि किलोचं टेबलच केलं वहीत. मी तिथेच उभी होते लेकीला न्यायला गेलेली, आणि खरं सांगते इतका आनंद झाला ना मला ते बघून, माझी मुलगी नव्हती तरी.

एवढ्यावर संपलं नाही. काठी पडली, फळी खाली आली, पण लिंबू अर्धवटच पिळलं गेलं कारण बाटलीचा बूड टेबलाला टेकला. लिंबू दोन सेंटिमीटर दबायला पाहिजे असेल तर टोक आठ पट म्हणजे सोळा सेंटिमीटर खाली जायला पाहिजे, तेवढी जागाच नव्हती खाली. मग सगळं मशीन सरकवून फळीचं टोक टेबलाच्या बाहेर काढलं. बल वाचवलं की अंतर जास्त मोजावं लागतं, कार्य तेवढंच राहतं, हे वाक्य पुस्तकात असतं आणि इथे ते टेबलाच्या कडेला जाऊन कळलं.

आणि या गटामुळे अजून एक गोष्ट सगळ्यांनाच कळली जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. गोटीने लिंबू पिळलं नाही. गोटीने फक्त काठी पाडली. लिंबू पिळायची ऊर्जा गटातल्या पोरांनी बाटली वर उचलून टांगली तेव्हाच भरून ठेवलेली होती. प्रत्येक पायरीला आधी कोणीतरी काहीतरी वर उचलून, ताणून, वाकवून ठेवलेलं असतं आणि आधीची पायरी फक्त त्याची अडवण काढते. हे डोक्यात बसलं की मुलं मशीनकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतात, प्रत्येक जागी विचारतात, इथे ऊर्जा कुठे साठवलीये? ठोकळ्यांचंपण तसंच. उभा ठोकळा स्वतःपेक्षा साधारण दीडपट उंच ठोकळा पाडू शकतो, म्हणजे चार सेंटिमीटरपासून सुरू करून प्रत्येक पुढचा दीडपट घेतला तर आठवा ठोकळा होतो जवळजवळ अडुसष्ट सेंटिमीटरचा, आणि पहिल्याला लावायचा फक्त एक बोटाचा धक्का. लेकीच्या गटाने काडेपेटीपासून सुरू करून वह्या, पुस्तकं, शेवटी कपाटाच्या फळीचा तुकडा असं लावलेलं, ती फळी पडायची तेव्हा पूर्ण हॉल वळून बघायचा.

लेकीच्या गटाचं खरं कौतुक मात्र स्क्रूबद्दल. हॉलमध्ये बहुतेक सगळ्या गटांनी काय केलं, तर पाइपाभोवती पारदर्शक नळी गोल गोल गुंडाळली, त्यातून गोटी सोडली आणि म्हणाले हा आमचा स्क्रू. दिसायला भारी दिसतं, फोटोपण छान येतात, पण मला हे पटलं नाही आणि इथे शिबिरवाल्यांनी जरा कडक राहायला हवं होतं. गोटी नुसती खाली येत असेल तर ती गोल फिरवलेली उतरण झाली. स्क्रूचं यंत्र म्हणून काम काय, तर फिरवल्यावर पुढे सरकणे आणि थोड्या जोरात पुष्कळ बल देणे. ते त्या नळीत कुठेच होत नाही. ताईने एकदा विचारलं तसं, पण वेळ कमी होता म्हणून तपासणीच्या कागदावर तरफ, कप्पी, उतरण, पाचर, चाक-आस आणि स्क्रू अशा सहाही साध्या यंत्रांसमोर टिक करून टाकली. (ही सहाची यादीसुद्धा काही आकाशातून पडलेली नाही, अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात मोजली ती पाचच होती, तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू आणि चाक-आस, उतरण नंतर त्यात आली. मुलांना हे सांगितलं असतं तर उतरण आणि स्क्रू यांच्या नात्यावर मस्त चर्चा झाली असती.)

लेकीच्या गटाने सरांच्या मदतीने वेगळंच केलं. लाकडाच्या ठोकळ्यात आठ एमएमचा नट घट्ट बसवला, त्यात लांब बोल्ट, बोल्टच्या डोक्याला लोणच्याच्या बरणीचं झाकण पक्कं केलं, झाकणाला दोरा गुंडाळला आणि दोऱ्याला वजन. वजन सुटलं की टेबलावरून खाली जातं, झाकण फिरतं, बोल्ट नटातून पुढे सरकतो. आता झाकण सात सेंटिमीटरचं, म्हणजे घेर बावीस. टेबल पाऊण मीटर उंच, म्हणजे वजन जमिनीला टेकेपर्यंत झाकणाचे साडेतीनच्या आतच फेरे. आणि आठच्या बोल्टचा आटा एका फेऱ्याला सव्वा मिलिमीटर पुढे जातो. एवढी सगळी यातायात करून बोल्ट सरकतो किती, तर जेमतेम चार मिलिमीटर! पोरं हिरमुसली. सर म्हणाले, "अंतर गेलं, मग त्याच्या बदल्यात काय मिळालं ते बघा की." बोल्टच्या टोकासमोर बोट धरून बघायला सांगितलं. पाण्याची छोटी बाटली टांगलेली होती फक्त, पण बोट मागे रेटलं जात होतं. हिशोबाने बल पावणेदोनशे पटीच्या आसपास येतं, प्रत्यक्षात आट्यांमधल्या घर्षणात त्यातलं बरंचसं जातं, तरी उरतं ते पुष्कळ. तेल लावून आणि न लावता दोन्ही करून बघितलं त्यांनी, तेल लावल्यावर झाकण फिरायला किती कमी वजन पुरतं ते वहीत लिहिलं.

मग प्रश्न हा की चार मिलिमीटरने पुढची पायरी कशी चालवायची. इथे तिसऱ्या प्रकारची तरफ कामाला आली, जिचा धड्यात काहीच उपयोग वाटत नाही कारण तिच्यात उलट जास्त बल लावावं लागतं. तीस सेंटिमीटरची पट्टी, शून्याच्या टोकाला खिळ्यावर फिरती, बोल्ट तिला तीन सेंटिमीटरवर ढकलतो, म्हणजे दुसरं टोक दहा पट सरकतं, चार मिलिमीटरचे चार सेंटिमीटर, आणि त्या टोकापुढे पहिला ठोकळा. बल भरपूर होतं, अंतर नव्हतं, तर बल देऊन अंतर घेतलं. लेक घरी येऊन पोळ्या करताना माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघून म्हणाली आई यातपण तेच आहे, बोटं थोडी हलतात आणि टोकं जास्त हलतात, म्हणून तर फुलका पटकन पकडता येतो. यापेक्षा वेगळा निकाल मला नकोच होता शिबिराकडून.

शेवटच्या टप्प्यात अजून एक सुंदर भाग होता तो म्हणजे भरवशाचा हिशोब. सगळे गट तक्रार करत होते की एकेक पायरी वेगळी चालवली की चालते मग पूर्ण मशीन का अडकतं. ताईने फळ्यावर लिहिलं, समजा प्रत्येक पायरी दहापैकी नऊ वेळा चालते. चांगलं आहे ना? हो. अशा दहा पायऱ्या एकामागे एक. शून्य पूर्णांक नऊ गुणिले शून्य पूर्णांक नऊ, असं दहा वेळा करा. मुलांनी फोनवर केलं आणि आलं ०.३५ च्या जवळपास, म्हणजे शंभरात पस्तीस वेळाच पूर्ण मशीन चालणार. सगळे गप्प. त्यानंतर प्रत्येक गटाने आपल्या पायऱ्यांची वेगवेगळी परीक्षा घेतली, कोणती किती वेळा फसते ते लिहिलं आणि सर्वात जास्त फसणारी आधी सुधारली. याआधी ते काय करायचे, तर जी पायरी बघायला मजेदार तिच्यावरच वेळ घालवायचे. सहावीच्या मुलांना दशांशाच्या गुणाकाराचा एवढा खरा उपयोग मी तरी दुसरीकडे कुठे बघितलेला नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. सगळ्यात मोठी म्हणजे गटात मुलं फार. सहा-सात जणांच्या गटात दोघं-तिघं काम करतात, बाकीची टेप फाडून देतात किंवा दुसऱ्या टेबलावर जाऊन ठोकळे पाडून येतात. चार जणांच्या वर गट नकोच. दुसरं, हॉलमधला पंखा. मे महिन्यातलं नाशिक, दुपारी अंगाची लाही होते, आणि पंखा लावला की हलके ठोकळे आपोआप पडतात म्हणून तो बंद ठेवायचे. मुलं घामाघूम. सकाळी सातची बॅच ठेवली असती तर हा प्रश्न सुटला असता आणि मी हे फीडबॅकमध्ये लिहून दिलंय. गरमीने सेलोटेपपण सुटते, वाळूच्या पिशव्या टांगलेल्या कप्प्या रात्रीतून खाली आलेल्या असायच्या, मास्किंग टेप आणि सुतळीची गाठ जास्त टिकते हे मुलांना उशिरा कळलं, पहिल्या दिवशीच सांगता आलं असतं.

ग्लू गनबद्दलपण बोलायला हवं. पाचवीतल्या मुलांच्या हातात गरम ग्लू गन आणि एका टेबलावर एकच मोठं माणूस, हे मला अजिबात चाललेलं नाही. एका मुलाच्या बोटाला चटका बसला, फार नाही, पण बसला. थंड पाणी लगेच हाताशी होतं ही चांगली गोष्ट, तरी गन मोठ्यांनीच वापरावी असा नियम हवा.

आणि शेवटचा दिवस. पालकांसाठी प्रदर्शन. त्याच्या आदल्या दोन दिवसांत शिकणं थांबलं आणि सजावट सुरू झाली, रंगीत कागद, थीम, माइक. काही वडील येऊन स्वतःच ड्रिल घेऊन बसले, त्यांच्या पोरांचं मशीन प्रदर्शनात एका झटक्यात चाललं आणि टाळ्यापण जास्त मिळाल्या. लिंबूवाल्यांचं दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा चाललं. मला विचाराल तर तिथे टाळ्या कोणाला मिळायला हव्या होत्या हे स्पष्ट आहे. त्यापेक्षा त्यांच्या वह्या टेबलावर मांडल्या असत्या, काय फसलं, का फसलं, काय बदललं, तर पालकांना खरं काय शिकवलंय ते दिसलं असतं. बक्षिसंसुद्धा "सर्वात सुंदर" आणि "सर्वात जास्त पायऱ्या" यांना दिली. पायऱ्या वाढवणं सोपं असतं, आणखी वीस ठोकळे लावले की झालं. बक्षीस द्यायचंच तर ज्यांना आपल्या प्रत्येक पायरीत टेकू कुठे, भार कुठे, बल कुठे हे बोट ठेवून सांगता येतं त्यांना द्या.

फी तीन हजारांच्या आत होती, सामान त्यातच. सामानाबद्दल पूर्ण मार्क, कारण महागडं काही नव्हतं. वायरिंगची केसिंग पट्टी गोट्यांच्या मार्गासाठी (ही आयडिया घरीपण वापरा, दोन मीटरची पट्टी स्वस्तात मिळते, कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात), शिवणाच्या दोऱ्याची रिकामी रिळं कप्पी म्हणून, जुन्या बांगड्या, कपड्यांचे चिमटे, सुताराकडची लाकडाची तुकडं, खोके, कॅरमच्या सोंगट्या, कोणाच्या घरच्या मेकॅनिक्स या खेळण्याच्या सेटमधल्या पट्ट्या आणि नटबोल्ट. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान हे आपल्याकडे नवीन नाहीच, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं हेच केलं, त्यांची खेळणी आणि पुस्तकं मराठीतसुद्धा नेटवर फुकट आहेत, शिबिराआधी मुलांना ती दाखवा, फार उपयोग होतो.

ऑनलाइन तयार मार्बल रनचे (गोटी घरंगळायचा मार्ग जोडायचे) किट मिळतात, तेच का घेऊ नये असं एकीने विचारलेलं. घ्या, लहान मुलांना मजा येते. पण किटमध्ये सगळे तुकडे एकमेकांत बरोबर बसतात, गोटी जायची तिथेच जाते, त्यामुळे विचार करायला भाग पाडणारं काही उरत नाही. शिवाय बहुतेक किटमध्ये उतरणच उतरण असते, तरफ आणि कप्पी नावाला. सहावी-सातवीच्या मुलासाठी तेवढ्या पैशात केसिंग पट्ट्या, डझनभर छर्रे, दोन बिजागऱ्या, नटबोल्ट आणि एक चांगली पट्टी घेऊन द्या आणि बेडरूमचा एक कोपरा आठवडाभर त्याला देऊन टाका, झाडू मारायला जाऊ नका तिकडे.

शाळांनी हे करावं असं मला फार वाटतं. दोन आठवडे रोज एक तास दिला तरी धडा होऊन जाईल, आणि सगळी सहा यंत्रं एकाच मशीनमध्ये कोंबायची गरजपण नाही. तीनच घ्या पण मोजून घ्या, वजन किती, अंतर किती, आधी अंदाज लिहा मग करून बघा. शिबिरात अंदाज लिहून घ्यायची सवय फक्त ताईच्या टेबलावर होती आणि फरक स्पष्ट दिसत होता, तिच्याकडची मुलं मशीन अडलं की आधी वही उघडायची, बाकीची आधी टेप उचलायची. लेकीच्या वर्गशिक्षिकांना मी वही दाखवली, त्यांनी फोटो काढून घेतलेत आणि विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी करू म्हणाल्यात.

तर फी भरायच्या आधी काय विचारायचं. एका गटात किती मुलं, चारपेक्षा जास्त असतील तर बॅच बदलून मागा. शिकवणारे किती आणि त्यातलं कोणी स्वतः हाताने काम केलेलं आहे का, कारण नट ठोकळ्यात सरळ बसवायचा कसा हे यूट्यूबवरून शिकवता येत नाही. मुलांनी वही लिहायची असते का आणि ती शेवटी घरी मिळते का. ग्लू गन आणि कटर कोण वापरतं. पालकांना काम करायला आत सोडतात का, सोडत असतील तर ते चांगलं लक्षण नाही. आणि बॅच सकाळची आहे का.

दिवाळीच्या सुट्टीत ते परत घेणार आहेत असं कळलंय, तेव्हा पंख्याचा प्रश्न नसेल. लेकीला परत जायचंय, तिला यावेळी कप्प्यांचं करायचंय, सरकती कप्पी लावून अर्ध्या वजनात पूर्ण वजन उचलायचं आणि दोरी दुप्पट लागते ती कुठे मावते ते बघायचंय. गट चौघांचा असेल असं त्यांनी फोनवर कबूल केलं तर मी लगेच पैसे भरणार आहे, नाहीतर घरीच करू, बोल्ट आणि झाकण आहेच.